फिलूमावशीने गाळायला लावलेली ओळ

माझं बायबलवरचं चिंतन संपलं, की अमेरिकेतल्या श्रूजबरीतली मराठी कॅथलिक मंडळी, म्हणजे मोजून सात कुटुंबं, "वा फेलिक्स, डीप होतं!" असं म्हणून समोशांकडे वळायची. फिलूमावशी आमच्या प्रार्थनासभेला पहिल्यांदा आली, त्या दिवशी मी घर सोडून गेलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर चाळीस मिनिटं बोललो होतो, स्लाइड्ससकट. घरी राहिलेल्या थोरल्या भावाचा कडवटपणा समजावताना तर माझा मलाच गहिवर आला. मावशी डोळे मिटून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "छान बोललास, पोरा. कुणाबद्दल होतं?"

"उधळ्या पुत्राबद्दल, मावशी."

"ते कळलं रे. पण कुणाबद्दल होतं?"

मी हसलो आणि समोसा घेतला. 

मावशी म्हणजे या सातांतल्या विल्सनची आई. नातवंडं सांभाळायला सहा महिन्यांसाठी वसईहून आली आणि चार वर्षं राहिली. लाल लुगडं, त्यावर विल्सनच्या कंपनीचं जाकीट, पायात बर्फाचे बूट, अशी ती दर रविवारी चर्चमध्ये इंग्रजी मिस्साला, म्हणजे उपासनेला, पहिल्या बाकावर बसायची. "मावशी, फादरांचं प्रवचन कळतं का?" असं मी विचारलं, तर म्हणाली, "नाही कळत, म्हणून तर श्रद्धा टिकलीय."

ख्रिस्तप्रसाद घेतल्या घेतल्या, पार्किंगमधली गर्दी टाळायला आम्ही मागच्या दाराने सटकायचो. त्यावर तिचं म्हणणं, "गावजेवणातसुद्धा लोक हात धुऊन जातात. तुम्ही घास तोंडात घेऊन पळता." ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस नको, म्हणून चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांच्या पंगती उठतात. तिथे तिसऱ्यांदा ताट भरणाऱ्या मला बघून ती म्हणाली होती, "आमच्याकडे एवढी मासळी लग्नात असते. नवरी कुठाय?"

गेल्या उपवासकाळात मी कॉफी सोडली. सोडली आणि भेटेल त्याला सांगितलं. मावशी माझ्या बायकोकडे बघून म्हणाली, "तुझी कॉफी सुटली आणि शिक्षा अनिताला. सकाळी तुझं तोंड तिला बघावं लागतं. काहीतरी असं सोड, की तुझंच दुखेल."

मग एका शनिवारी जपमाळेची प्रार्थना आमच्या घरी होती. मावशी पुढे म्हणत होती, आम्ही मागून. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' सुरू झालं आणि 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' या ओळीपाशी ती थांबली. मणी बोटात तसाच धरून म्हणाली, "फेलिक्स, ही ओळ तू गाळ. बाकीचे म्हणा."

खोलीत सात कुटुंबं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"का, मावशी?"

"देवाशी कशाला खोटं बोलायचं? त्याला कामं आहेत."

माझी मुलगी रिया आनंदाने कुजबुजली, "डॅड, यू गॉट बॅन्ड!"

कारण सगळ्यांना माहीत होतं. वसईतल्या माझ्या थोरल्या भावाशी, पास्कूदादाशी, मी दोन वर्षं बोललो नव्हतो. आई गेली तेव्हा मी येईपर्यंत दोन दिवस थांब, असं मी त्याला सांगितलं होतं. तो थांबला नाही, दुसऱ्याच दिवशी आईला मूठमाती दिली. ही हकीकत मी इतक्या वेळा सांगितली होती, की तीही जवळजवळ चिंतनच झाली होती.

मंडळी गेल्यावर मावशी कप विसळायला सिंकपाशी उभी राहिली. मी तिला परत सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "तिकीट कितीचं होतं? म्हणजे किती वाजताचं?"

मी कप पुसत राहिलो.

तिकीट नव्हतंच. माझ्या पासपोर्टवरच्या अमेरिकेच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली होती. गेलो असतो तर नवीन शिक्का मिळेपर्यंत तिकडेच अडकलो असतो, कदाचित नोकरीही गेली असती. मी दादाला थांब म्हटलं आणि विमान शोधायला लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. हे अनितालाही माहीत नव्हतं, पण मावशीपुढे बोलून गेलो.

"मग तो बिचारा कुणासाठी थांबणार होता?" मावशी म्हणाली. नळ बंद करून, "मी जावेशी अकरा वर्षं बोलले नाही. मयताला सगळ्यांत पुढे उभी राहून रडले. लोक म्हणाले, केवढी माया!"

पुढच्या शनिवारी मी पापनिवेदनाला गेलो. अमेरिकन फादरांना अस्खलित इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यांनी प्रेमाने ऐकलं, प्रायश्चित्त म्हणून तीन 'नमो मरिया' प्रार्थना म्हणायला सांगितल्या. इतकं हलकं वाटलं, की मी थेट विल्सनच्या घरी जाऊन मावशीला वर्दी दिली.

"बरं झालं," ती म्हणाली. "फादर तुझे कोण? भाऊ?"

ईस्टर झाला आणि मावशीने वसईला परत जायचं ठरवलं, कायमचं. "इथे जमीन गोठते. मला पुरायला मशीन आणावं लागेल, विल्सनला सुट्टी मिळायची नाही." बॉस्टनच्या विमानतळावर मीही गेलो, हातात दादासाठी पिशवी घेऊन: चॉकलेटं, गुडघ्याच्या गोळ्या, एक स्वेटर. मावशीने पिशवी उघडून पाहिली आणि माझ्या हातात परत दिली.

"मी हमाल नाही. फोन लाव."

"इथे?"

"अजून बरी जागा माहीत असेल तर तिकडे जाऊ. माझं विमान थांबतं का बघ."

दादाने तिसऱ्या रिंगला उचलला. तिकडे जेवणं उरकली असावीत, भांड्यांचा आवाज येत होता. मी तयार केलेली सुरुवात विसरलो. म्हणालो, "दादा, मी तेव्हा तिकीट काढलंच नव्हतं."



"माहीत होतं," दादा म्हणाला. "तू फ्लाइटचा नंबर कधी दिला नाहीस. आई जायच्या आधी सारखी विचारत होती, तू कधी येतोस. मी तिला सांगितलं, फेलिक्स विमानात बसलाय. मग तिने डोळे मिटले."

मी फोन कानावरून काढायला लागलो. तोच म्हणाला, "ठेवू नकोस फोन. जेवलास का?"

मी मान वर केली तेव्हा मावशीला नेणारी विमानतळाची व्हीलचेअर सुरक्षा तपासणीच्या पलीकडे गेली होती. निरोप घ्यायचा राहिलाच. विल्सन म्हणाला, "चल, पार्किंगची वेळ संपेल." मी त्याला पाच मिनिटं थांबवलं, तिथल्याच बाकावर बसलो आणि फोनवर तिकिटं शोधायला लागलो. जूनमधलं एक होतं, दोनदा विमान बदलायचं. पासपोर्टवरच्या शिक्क्याची मुदत अजून संपलेलीच होती. तरी तिकीट काढलं.