रुमाल टाकलेली सायकल

मंचरच्या एसटी स्टँडाबाहेर मोबाईलवर कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या, तेव्हा मला वाटलं, सुटले बाई. आमच्या गावाची, डिंभ्याची गाडी कधी वेळेवर नाही आणि मी कामाला होते तो दवाखाना पार दुसऱ्या टोकाला. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता एकदा जरी उशीर झाला तर उद्यापासून येऊ नका.

पण आमच्याच गाडीला एक कांद्याचा दलाल असायचा. सगळ्यांना ढकलून आधी उतरायचा, सायकलीच्या सीटवर रुमाल टाकायचा आणि समोर निवांत चहा ढोसत बसायचा. एसटीत खिडकीतून रुमाल टाकला की जागा धरली, हे आमच्या अंगात मुरलेलं. तोच कायदा आम्ही सायकलीलाही लावला, येडे कुठले. कुलूप एका बोटानं उघडलं असतं, पण दुसऱ्याचा रुमाल उचलायला हात धजेना.

त्या दिवशी गाडी उशिरा पोचली. सायकल एकच उरलेली, तिच्यावर रुमाल.

मी म्हटलं, "भाऊ, तुमी चहा प्या, मला सायकल न्हेऊ द्या. कामावरनं काढतील."

"रुमाल दिसंना व्हय, ताई?" बशीतून डोळेसुद्धा वर केले नाहीत मेल्यानं.

धावत गेले. काम गेलंच. मग घरी गेले नाही. मधल्या गाड्या मुद्दाम सोडल्या आणि दिवसभर स्टँडावर डूख धरून बसले.

संध्याकाळी डिंभ्याची शेवटची गाडी लागली. त्यानं खिडकीतून रुमाल फेकला आणि गेला चहाला. रुमाल उडू नये म्हणून कोपऱ्यात घराची किल्ली बांधलेली असायची, हे अख्ख्या गाडीला माहीत. मी गाडीत चढून रुमाल उचलला, बाहेर जाऊन सायकलीच्या हँडलला गच्च गाठी मारल्या आणि येऊन त्याच्याच जागेवर बसले.

तो चढला. "माझा रुमाल कुटंय?"

"सायकलीवर. तुमी तिकडं जागा धरलीय ना?"

शिव्या देत उतरला, पळाला. खिडकीतून तो गाठींशी झटताना दिसत होता. लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला आणि विचारलं, "कोण राहिलंय का खाली?"

मी म्हटलं, "न्हाई, कोणी न्हाई. चला."