वरच्या ताईची तिसरी कॉफी

वरच्या ताईला एका जागी बसवत नसे. जेवायची उभ्याने, वाचायची फेऱ्या मारत, आणि फोन कानाला असला की गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती येरझार. "अवं, बस ना जराशी," आई म्हणायची. "बसली का जीव घाबरते, काकू," हे तिचं ठरलेलं उत्तर.

इथिओपियाहून ज्वारीवर पीएच.डी. करायला ती अकोल्यात आली होती आणि आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची. मराठी शिकली भाजीबाजारात, म्हणजे शिकली ती थेट वऱ्हाडी. "भाऊ, मेथी कावून एवढी महाग देऊन राहिला?" असं तिने विचारलं की भाजीवाला भाव विसरून तिच्याकडेच बघत राही.

फेऱ्यांचं कारण आम्हाला उशिरा कळलं. तिच्या गावाकडे लढाई पेटली होती, फोन बंद पडले होते. कित्येक महिने तिने आईचा आवाज ऐकला नव्हता. रोज नंबर फिरवायची आणि खाली येऊन सांगायची, "लागून नाही राह्यला."

सप्टेंबरातल्या एका सकाळी म्हणाली, "आज आमचं नवं वर्ष. सारे वर या." गेलो तर फरशीवर ताजं गवत पसरलेलं. "बैलजोडी कुठी हाय?" बाबांनी विचारलंच. तिने कॉफीच्या बिया तव्यावर भाजल्या आणि वास घ्यायला तो धुराचा तवा एकेकापुढे फिरवला. आईला वाटलं, आरती आली. तिने दोन्ही हात धुरावर धरून डोळ्यांना लावले. मग शेजारच्या मावशींनी लावले, बाबांनीही. ताई इतकी हसली की तवा पडायची पाळी आली. तिला तसं हसताना आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

कॉफी काळीकुट्ट, कडू. एक कप कसाबसा संपवून मावशी रीतीप्रमाणे उठल्या, तर ताई दारात आडवी.

"कावून उठल्या? तीन कप घ्या लागते. आशीर्वाद तिसऱ्यात असते. आजचा माह्या मायसाठी हाय. मधात कोणी उठू नका."

मावशी मुकाट्याने बसल्या.

दुसऱ्या कपानंतर मी घड्याळ पाहिलं. अमरावतीची गाडी गाठायची होती, दुपारी कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. माझ्या एकटीवाचून काय अडतंय, असं वाटलं. "निघू का?" म्हटलं. मी चपला घालेपर्यंत माझा तिसरा कप तिने भरून ठेवला. मी तो पाहिला आणि जिना उतरले.

पुढे एकदाचा फोन लागला. तिची आई जिवंत होती, कुठल्याशा छावणीत होती. संशोधन अर्ध्यावर टाकून ताई तिला आणायला निघाली. स्टेशनवर माझ्या आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "पोचली का फोन करीन, काकू."

तो फोन अजून आलेला नाही. तिचा नंबर आता मी फिरवते. "सुखरूप असन पोरगी," आई म्हणते. बाबाही तेच म्हणतात. ते दोघं तिसऱ्या कपापर्यंत बसले होते, त्यांना तसं म्हणता येतं. मला येत नाही.