नको म्हणायची रीत

आमच्याकडे हवी ती वस्तू मागणारा माणूस हावरट ठरतो आणि न मागता टक लावून बसणारा खानदानी. मी दौंडची. वडील रेल्वेत होते, क्वार्टर दोन खोल्यांचं, पण खानदानीपणाला कमी नव्हतं. कुणाकडे गेलं आणि चहा विचारला की "नको, आत्ताच झाला" म्हणायचं, मग तो सकाळपासून झालेला नसला तरी. घरची बाई म्हणणार, "असं कसं, घोटभर घ्या." पुन्हा नको म्हणायचं. मग ती न विचारताच आधण ठेवणार, आणि आपण "बरं, आता तुम्ही म्हणताच तर" असं म्हणत, तिच्यावर उपकार केल्यासारखा, तोच चहा बशीत ओतून भुरके मारत प्यायचा. लहानपणी एकदा मी पहिल्याच विचारण्याला "हो" म्हणाले होते. आईने घरी परतेपर्यंत रस्ताभर माझ्या दंडाला चिमटे काढले.

हे वळण माझ्या अंगात इतकं मुरलं की लग्न ठरवताना मला विचारलं, तेव्हाही मी "तुम्ही म्हणाल तसं" एवढंच म्हणाले. मुलगा मला पसंत होता म्हणून निभावलं. नसता तरी मी तेच म्हणाले असते.

सासर शिरूरचं. तिथल्याच एका शाळेत मी विज्ञान शिकवायची. पक्की नोकरी होती. नवरा सणसवाडीला एका कंपनीत इंजिनिअर. सासूला आमच्यात आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. घरात दीर, धाकटी जाऊ, गोठ्यात दोन म्हशी आणि दारात सदैव पाहुणे. आग्रहाच्या बाबतीत हे घर माझ्या माहेरालाही भारी होतं. माझा नवरा आईने तीनदा "घे की रं" म्हटल्याशिवाय दुसऱ्या भाकरीला हात लावायचा नाही. भूक लागलेली असायची, भाकरी समोर असायची, आणि हा पदवीधर माणूस ताटाकडे बघत आईच्या तिसऱ्या हाकेची वाट बघायचा.

नव्वदचं दशक संपता संपता त्याच्या कंपनीने त्याला तीन वर्षांसाठी इंग्लंडला पाठवायचं ठरवलं. आधी गल्लीतल्या मंडळाने सत्कार केला. त्याने काय पराक्रम केला होता ते कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी शाल आली, श्रीफळ आलं, तीन भाषणं झाली. श्रीफळ धरायला मी होतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बसून मामांनी माझा विषय काढला.

"तिकडं काम करणार आसलीस तर जा," ते म्हणाले. "नुसतं बसून ऱ्हायाचं आसंल तर हितं काय कामं कमी हायती?"

"न्हाई तर काय," आत्या म्हणाल्या. "सा महिनं बघा. न्हाई लागलं काम तर ये म्हागारी."

नवरा बुटाची नाडी बांधत होता. अशा वेळी त्याची नाडी नेहमीच सुटलेली असायची. मी शाळेचा राजीनामा दिला आणि गेले.

गाव इंग्लंडच्या उत्तरेला. आभाळ सदा भांड्याच्या बुडासारखं. तिथल्या शिक्षण खात्यातल्या माणसाने माझी बी.एड.ची पदवी उलटसुलट पाहिली, फार छान आहे म्हणाला आणि परत दिली. शिकवायचं तर पुन्हा वर्षभर शिका. दुकानांच्या काचांवर "मदतनीस पाहिजे" अशा चिठ्ठ्या असत, पण आत जाऊन विचारायचं म्हटलं की माझे पाय जड व्हायचे. आमच्याकडे काम असं मिळतच नाही. शिक्रापूर-सणसवाडीच्या कुठल्या कंपनीत कुणी आपणहून विचारायला गेलाय? कुणाचा तरी मेहुणा आत असतो, तो कुणाला तरी सांगतो, "आपलंच पोरगं हाय, घ्या सांभाळून," आणि पोरगं मान खाली घालून मागे उभं राहतं. त्याला तोंड उघडावं लागत नाही. मीही तशीच कुणीतरी मला पुढे करेल म्हणून उभी होते. पण मला पुढे करायला त्या गावात माझा नवराच काय तो होता, म्हणजे कुणीच नव्हतं.

वेळ घालवायला मी गावातल्या वाचनालयात जायची. तिथे एका बाईंशी ओळख झाली. जवळच्या शाळेत त्या विज्ञान विभागाच्या प्रमुख होत्या. केस पुरुषासारखे कापलेले, पायात पुरुषासारखे बूट, आणि सफरचंद बियांसकट खायच्या. मी विज्ञान शिकवत होते म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. दोन-तीन आठवडे अशाच गप्पा झाल्या. मग एक दिवस त्या म्हणाल्या की आमच्या प्रयोगशाळेत सामान मांडून देणारी मुलगी सोडून चाललीय, तुला करायला आवडेल का? मी मुख्याध्यापकांकडे बोलते.

मला ते काम हवंच होतं. परीक्षानळ्या, चंचुपात्रं, लिटमस, सगळं माझ्या हातातलं. आणि तोंडातून काय बाहेर पडलं? "नाही नाही, तुम्ही कशाला माझ्यासाठी त्रास घेता? मला जमेल की नाही कोण जाणे. दुसरं कुणी असेल तर बघा."

"ओके," त्या म्हणाल्या, आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं.

मी बसून राहिले. आता त्यांनी "असं कसं, तुला नक्की जमेल" म्हणायचं होतं. मग मी "तुम्हाला उगाच अडचण" म्हणणार होते. मग त्या थोड्या रागावणार होत्या, आणि मी "बरं, तुमचा शब्द कसा मोडू" म्हणून होकार देणार होते. एवढी सरळ रीत! बाईंनी पान उलटलं आणि शब्दकोडं काढलं.

तरी मला वाटलं, विचार करत असतील. पुढच्या आठवड्यात मी चांगला कोट घालून गेले. त्या आपल्या कुत्र्याच्या दाताबद्दल बोलत राहिल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात आनंदाने म्हणाल्या की मुलगी मिळाली, सोमवारपासून आलीसुद्धा. मी त्यांचं अभिनंदन केलं. अगदी हसून केलं.

घरी येऊन मात्र मी भांडी आपटली. कसली कोरडी माणसं! हातचं काम दाखवतात आणि एका "नको"वर काढून घेतात. यांच्या दारात भिकारीसुद्धा उपाशी मरेल, कारण तो पहिल्यांदा नको म्हणेल. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण तूच नको म्हणालीस ना?"

हे कोण म्हणतंय, तर भाकरीसमोर उपाशी बसणारा! चार महिन्यांत साहेब झाला होता. मी त्या रात्री त्याला एकदाच वाढलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही. बिचारा ताटाकडे बघत बसला, पण मला त्याची दया आली नाही.

दर रविवारी आम्ही फोनचं कार्ड घालून शिरूरला फोन करायचो. मामांचा पहिला प्रश्न, "लागलं का काम?" मग फोन आत्यांकडे. त्या म्हशीचं सांगायच्या, जावेचं सांगायच्या, पाहुण्यांचं सांगायच्या आणि शेवटी सुस्कारा टाकायच्या. सुस्कारा हजारो मैलांवरून अगदी स्वच्छ ऐकू यायचा. सहावा महिना लागला तसा नवरा तिकिटाची चौकशी करू लागला. "तुलाही बरं वाटेल गं तिकडे, माणसांत," असं त्याने माझंच भलं असल्यासारखं सांगितलं. शाळेतल्या माझ्या जागेवर दुसरी बाई आली होती. म्हणजे शिरूरला मी शिक्षिका म्हणून परतणार नव्हते. दोन म्हशी, चार माणसं आणि येईल त्या पाहुण्याला "घोटभर घ्या" म्हणणारं तोंड, एवढीच माझी तिथे गरज होती. मला परत जायचं नव्हतं. इतक्या स्पष्टपणे मला आयुष्यात कधी काही नको झालं नव्हतं, आणि नेमकं तेच "नको" मला कुणाला ऐकवता येत नव्हतं.

अशात एक दिवस बाई वाचनालयात करवादत आल्या. शाळेच्या स्वयंपाकघरातली एक बाई काम सोडून पळून गेली होती आणि यांना स्वतः रांगेत उभं राहून मुलांना बटाटे वाढावे लागले होते. कामाला माणूस मिळत नाही, त्या म्हणाल्या. मला त्या विचारत नव्हत्याच. एकदा नको म्हणालेल्या माणसाला त्या मरेपर्यंत विचारणार नव्हत्या. नको म्हणायलासुद्धा मला जागा उरली नव्हती.

"मला ते काम हवंय," मी म्हणाले.

भर बाजारात पदर सुटल्यासारखं वाटलं. शिरूरच्या शाळेत शिपाई मला पाण्याचा ग्लास आणून द्यायचा, आणि इथे मी उष्टी टेबलं पुसायचं काम तोंडाने मागत होते. वाटलं, आता ही बाई मनात म्हणेल, काय हावरट आहे.

"तुला?" त्या म्हणाल्या. "बरं. मी सांगून ठेवते. सोमवारी अकराला ये. केस बांधून ये."

झालं! ना आश्चर्य, ना कौतुक. तीस वर्षं मी ज्या गोष्टीच्या धाकाने तोंड मिटून बसले होते, तिची त्या बाईला दखलही नव्हती. मला हायसं वाटलं, आणि आईचे ते चिमटे आठवून संतापही आला.

काम सोपं होतं. पांढरं स्वच्छ स्वयंपाकघर, पांढरी टोपी, आणि पांढरंच जेवण. उकडलेला बटाटा गोळा करून वाढायचा, शेजारी उकडलेले वाटाणे. त्या लोकांनी अर्ध्या जगावर राज्य केलं, पण मिठाची चिमूट कुठे टाकायची ते शिकले नाहीत. पहिल्याच आठवड्यात एका मुलीने वाटाण्यांना नको म्हटलं. मी सवयीने म्हणाले, "असं कसं, थोडे तरी घे," आणि डाव तिच्या ताटात उपडा केला. ती रडायलाच लागली. स्वयंपाकघरातल्या मुख्य बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की इथे नाही म्हणजे नाही. मी मान डोलावली. मनात म्हटलं, तुमच्या राज्यात आग्रह नाही, जीव नाही, चव तर नाहीच. पण त्या दिवसापासून कुणी नको म्हटलं की मी डाव मागे घेऊ लागले, आणि खरं सांगते, मला ते आवडायला लागलं. किती वेळ वाचतो! किती खोटं वाचतं!

पुढच्या रविवारी मामांचा प्रश्न आला आणि मी सांगितलं, लागलं काम. शाळेत. कसलं ते सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. पलीकडे कुणी आनंदाने ओरडलं वगैरे नाही. सुस्कारा तेवढा त्या दिवशी आला नाही.

महिनाभराने एका रविवारी फोन आत्यांनीच उचलला. आवाज खोल गेलेला.

"धाकटी उद्या निघालीय यवतला, बाळंतपनाला," त्या म्हणाल्या. यवत जावेचं माहेर. "आता चार महिनं तरी येत न्हाई ती. म्या एकलीच हितं. गुडघं धरल्यात. खाली बसून धारा काढवत न्हाईत. पर तू न्हाई यायाचं बरं का. नगं. तुझी नोकरी हाय. आमचं काय, करू कसंबी."

मला कळलं नाही असं नाही. चांगलं कळलं. माझा भाग मला पाठ होता. "असं कसं आत्या, मी येतेच" म्हणायचं. त्या म्हणणार, "नगं गं, कशाला." मी म्हणणार, "नोकरी काय, पुन्हा मिळेल." त्या रडणार, आणि मंगळवारी नवरा तिकीट काढून आणणार. तो शेजारीच उभा होता. माझ्याकडे बघून आधीच होकाराची मान हलवत होता.

"बरं आत्या," मी म्हणाले. "नाही येत मग."

पलीकडे रस्त्यावरून ट्रक गेला तो ऐकू आला.

"व्हय का," आत्या म्हणाल्या, आणि फोन कुणाच्या तरी हातात गेला.

"काय गं," मामा म्हणाले. "काय म्हन्लीस तिला?"

"येत नाही म्हणाले, मामा. त्याच म्हणाल्या, नको येऊस."

"आगं, ती नगं म्हन्ली म्हंजी..." मामा थांबले.

"म्हणजे काय, मामा?"

मी खरंच विचारलं. कार्डावरची मिनिटं जात होती आणि मी थांबले. "ये" एवढा एक शब्द होता. मामांनी तो उच्चारला असता तर मला जावं लागलं असतं. मोठ्यांनी तोंडाने मागितलेलं नाकारण्याइतकी मी अजून इंग्रज झाले नव्हते. हे मला माहीत होतं, आणि मामांनाही माहीत होतं. फोनपाशी आत्यांचा श्वास ऐकू येत होता. आयुष्यभर ज्या माणसाने घोटभर चहा कधी मागून घेतला नव्हता, तो पलीकडे तोंड उघडून उभा होता.

"मामा, मी येऊ का? मी यावं असं वाटत असेल तर ये म्हणा."

"न्हाई, न्हाई," मामा घाईने म्हणाले. "आमी कशाला म्हनू? ठिव मग. बिल उठत आसंल तुमचं."