मंगळवारची रात्रपाळी

"तिला इंग्लिशसाठी घेतलीय रे. कोडचं आपण बघू."

कॉम्प्युटर लॅबच्या दाराबाहेर चपला काढताना मी हे ऐकलं. बोलणारा आमच्या प्रोजेक्ट ग्रुपचा लीडर. आत त्याच्याशेजारी बसलेला त्याचा मित्र हसला. "बोलती का पण ती? तीन वर्षांत गुड मॉर्निंगच्या पुढं गेली न्हाई राव."

मी चपला परत घातल्या, जिन्यापर्यंत गेले आणि मुद्दाम पाय वाजवत परत आले.

आमची डिग्री बीबीए सीए. अर्धं मॅनेजमेंट, अर्धं कॉम्प्युटर. इंजिनिअरिंगची मुलं आम्हाला कॉमर्सवाले म्हणतात, बीकॉमची मुलं कॉम्प्युटरवाले म्हणतात, आणि कंपन्या कॅम्पसवर आल्या की दोघांनाही आधी आत बोलावतात. शेवटच्या वर्षी खऱ्या व्यवसायासाठी सॉफ्टवेअर बनवायचं असतं. बहुतेक ग्रुप ते तयारच विकत आणतात आणि त्यावरचं कॉलेजचं नाव बदलतात. आम्हाला मात्र खरं काम मिळालं. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक लहान कंपनी होती. कुठल्या मशीनवर किती माल निघाला हे तिथे हाताने लिहीत, ते कॉम्प्युटरवर आणायचं होतं. ओळख लीडरची. त्याचं घर चऱ्होलीतलं जुनं. शेतावर आता सोसायट्या आहेत आणि चुलत्यांचे टेम्पो त्या कंपनीचा माल वाहतात.

कंपनीचे मालक पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "ज्यानं बनवलं, त्याला परीक्षा झाली की कामावर घेतो."

ते काम मला हवं होतं. मुलाखतीला बसलं की मला बोलायला सुचत नाही, येत असलेली उत्तरंही आठवत नाहीत. इथे मुलाखत नव्हती. काम बघून माणूस घेणार होते.

ते काम शेवटी लीडरला मिळालं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी आशा लावून बसायला नको.

'कोडचं आपण बघू' म्हणणाऱ्यांनी कोड बघितला तो मी लिहून झाल्यावर. तोवर व्हॉट्सअॅप ग्रुपवर अंगठे येत राहिले, शाबासकीचे. एकदा लीडरच्या मित्राने लिहिलं, 'मॅडम, पीपीटी जरा भारी करा, कलर-बिलर.' मी कलर-बिलरही केले.

एक गोष्ट मात्र मी कुणाला न विचारता केली. आम्ही दिघीत राहतो. माझे पप्पा भोसरीच्या एका कंपनीत आहेत आणि माझ्या इंग्लिश मिडियम शाळेची फी त्यांच्या ओव्हरटाइमने भरली. लहानपणी माझा वाढदिवस एकदा बुधवारी आला. पप्पा सकाळी थर्ड शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी, करून घरी आले, मी दारातच विचारलं, "आज काय आहे?" ते बूट काढत म्हणाले, "मंगळवार." मी रडले. मग आईने समजावलं की ज्या रात्री कामावर चढतात तोच वार, सकाळी सातला शिफ्ट सुटेपर्यंत. मधे बारा वाजतात ते घड्याळात, कंपनीत नाही.

म्हणून मी सॉफ्टवेअरमध्ये दिवस सकाळी सातला सुरू केला. बुधवारी पहाटे निघालेला माल मंगळवारच्या खात्यात.

कॉलेजच्या तोंडी परीक्षेत आमच्या गाईड सरांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "बुधवारी पहाटे दोनचा माल मंगळवारात कसा? तारीख चुकतेय तुमची."

"सॉरी सर, राहून गेलं," लीडर लगेच म्हणाला. "संध्याकाळपर्यंत काढून टाकतो."

मी तोंड उघडलं. तोपर्यंत सर पुढच्या स्क्रीनवर गेले होते. बाहेर आल्यावर मी लीडरला हळू म्हटलं, "ते तसंच हवंय." तो म्हणाला, "जाऊ दे ना, सरांशी कशाला वाद?" आणि त्याने ती ओळ काढली. संपूर्ण प्रोजेक्टमध्ये त्याने हात लावलेली ती एकच ओळ.

त्या शनिवारी आम्ही चाकणला गेलो. मालकांच्या केबिनमध्ये चहा आला, काचेपलीकडे मशीन चालू होत्या. लीडर लॅपटॉप समोर घेऊन बसला आणि 'आपण हे केलं, आपण ते केलं' असं सांगत राहिला. मी भिंतीकडच्या खुर्चीवर. मालकांनी चष्मा वर सरकवला.

"हे काय? रात्रपाळीचा थोडा माल काल दाखवतंय, बाकीचा आज. माझी माणसं काय रात्री बाराला घरी जातात?"

लीडर माझ्याकडे वळून हसला. "ते तारखेचं मॅडमनी केलंय सर. इंग्लिश मिडियम ना. त्यांना थर्ड शिफ्ट काय असती, काय ठाऊक?"

मित्र हसला. मालकही हसले, समजुतीने, आणि ते मला जास्त लागलं. "असू दे, असू दे. पोरींना कुठून माहीत असणार."

मी कप खाली ठेवला. बशी वाजली आणि तिघेही माझ्याकडे बघायला लागले.

"माझे पप्पा भोसरीत थर्ड शिफ्ट करतात, सर," मी म्हटलं. "मंगळवारची रात्रपाळी बुधवारी सकाळी सातला सुटते. मी तसंच लिहिलं होतं. आमच्या सरांना ती चूक वाटली, म्हणून याने ते काढलं. बाकीचं सगळं अजून मी लिहिलं तसंच आहे."