गव्हाचं पोतं पेललेली गिटार

निवृत्तीनंतर माणसाला छंद हवा असं सांगणाऱ्या सगळ्यांना मी एकदा घरी चहाला बोलावणार आहे. चहा चांगला देईन. बसायला मात्र यांनी केलेलं स्टूल देईन आणि म्हणेन, जरा पंख्याखाली सरकवून घ्या. मग बघू कोणाची कंबर शाबूत राहते ते.

हे म्हणजे माझे यजमान. यांची सगळी नोकरी संरक्षण खात्याच्या कारखान्यात, तपासणी विभागात झाली. जबलपूरच्या मराठी घरांत त्यात विशेष काही नाही. ज्याचा बाप कारखान्यात नव्हता त्याचा सासरा तरी होताच. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंत खोट काढणं हे यांचं काम. निवृत्त झाल्यावर खोट काढायला घरात फक्त मी उरले, तेव्हा मीच म्हटलं, आता स्वतः काहीतरी करा. यांनी ते मनावर घेतलं. स्कूटर उन्हात गेली, तिच्यावर माझी जुनी साडी आली, आणि स्कूटरच्या जागी कारखाना उभा राहिला.

पहिल्यांदा पोळपाट झाला. तो माझ्या पायावर पडला तेव्हा फरशीला तडा गेला आणि यांनी वाकून आधी पोळपाट पाहिला. मग चपलांचं कपाट झालं. ते दारातून आत येईना म्हणून अजून व्हरांड्यातच आहे. देवघर भिंतीत असे बोल्ट घालून बसवलं आहे की भूकंप आला तर आम्ही जाऊ, देव राहतील. यांच्या कारखान्याचा एक दंडक होता. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला आधी प्रूफ द्यायचं, म्हणजे पुढं आयुष्यात तिच्यावर जेवढा भार येईल त्याहून कितीतरी जास्त भार इथेच टाकून बघायचा. टिकली तर पास. तोफेच्या बाबतीत मला हे पटतं. चपलांच्या बाबतीत नाही.

माझा छंद वेगळा होता. राइट टाउनमधल्या ज्या शाळेत मी भूगोल शिकवला, तिथे सकाळच्या प्रार्थनेला आमच्या एक सहकारी बाई गिटार वाजवत. मी त्यांच्या शेजारी उभी राहून मुलांवर नजर ठेवायची. निदान मुलांना तसं वाटायचं. माझी नजर असायची बाईंच्या बोटांवर. निवृत्त झाल्यावर मी क्लास लावला. मास्तर वयानं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपेक्षा लहान, मला आंटी म्हणणारे. नातेवाईकांनी पेटी सुचवली, भजनी मंडळ सुचवलं, एका नणंदेनं तर लोकरीचं विणकाम सुचवलं. मी सगळ्यांना चलो, बघू, असं म्हटलं आणि क्लासला गेले.

घाईला कारण होतं. माझ्या बोटांचे सांधे सुजायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, वापरत राहा, आज वळतात तेवढी पुढं वळतील याची खात्री नाही. परीक्षेआधी भूगोल संपवणाऱ्या बाईला मुदत कळते. रोज घरी सराव हवा होता आणि त्यासाठी घरी गिटार हवी होती. म्हणून आम्ही इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या दुकानात गेलो.

दुकानदारानं गिटार पुढं केली. यांनी ती उलटी केली, तिच्या पोटात टॉर्च टाकला, टकटक केलं, वास घेतला.

"सरस बाहेर येऊन राहिला," हे मला म्हणाले. "अन् ही फळी पाहिली का? पापड आहे. आमच्याकडे ही गेटावरच रिजेक्ट झाली असती."

"अहो, वाजवून तर पाहू द्या."

"काहून घ्यायची ही? मी करून देतो न. जन्मभर टिकेल."

कोणाच्या जन्मभर, हे मी विचारायला हवं होतं. तेव्हा मला भरून आलं. आजवर यांनी मला स्वतःच्या हातानं दिलेली वस्तू म्हणजे तो पोळपाट, आणि आता हे गिटार म्हणत होते.

काम सुरू झालं. आधी कॅलेंडरच्या पाठीमागे नकाशा निघाला. तो मंजूर करायला पलीकडच्या घरातले भाऊजी आले. तेही त्याच कारखान्यातले, यांच्याच टेबलासमोर बसलेले. दोघं रोज सकाळी नकाशासमोर उभे राहून हात मागे बांधायचे. लाकडासाठी टालीवर, म्हणजे वखारीत, गेलो. गिटारला हलकं, मऊ लाकूड लागतं असं मास्तरांनी सांगितलं होतं. यांनी ते ऐकून घेतलं आणि सागवान निवडलं. टालवाला फळी बघून म्हणाला, "भैया, गिटार ही बनाना है न? इसमें तो नाव निकल आएगी." हे खूष झाले. त्यांना ती तारीफ वाटली.

बाजूच्या पट्ट्या वाकवायला वाफ लागते, म्हणून माझा कुकर गेला. त्याच्या शिट्टीच्या जागी रबरी नळी बसली आणि आमच्या घरात वरण पातेल्यात शिजायला लागलं. पट्ट्या वाकल्या, मोडल्या, पुन्हा वाकल्या. मी आठवड्यातून दोनदा क्लासला जाऊन मास्तरांच्या गिटारीवर वाजवत होते आणि घरी आल्यावर लाटण्यावर बोटं फिरवत होते. अधूनमधून विचारायची, कुठवर आली? उत्तर यायचं, "पट्ट्या लावून राहिलो आतून." पट्ट्या म्हणजे वरच्या फळीला आतून दिलेले आधार. नकाशात होते त्याहून जास्त. यांचं म्हणणं, तारा ताणल्या की सगळा भार त्या फळीवर. भाऊजींचं म्हणणं, अजून एक टाका वहिनींसाठी. माझ्यासाठी म्हणून आणखी एक पडली.

या काळात मी गुपचूप दुकानातली गिटार घेऊन येऊ शकले असते. पण ज्या घरात एक माणूस सकाळपासून आपल्यासाठी रंधा मारतोय त्या घरात विकतची गिटार घेऊन शिरायला काळीज दगडाचं लागतं. माझं तसं होतं, पण ते शाळेतच राहिलं. मी थांबले. उन्हाळा गेला. उजव्या हाताचं ठीक होतं, डाव्या हाताचं पहिलं बोट सकाळी वळायला गरम पाणी मागायला लागलं.

शेवटी गिटार झाली. दिसायला, खरं सांगते, सुरेख होती. पॉलिशमध्ये तोंड दिसत होतं. मी हात पुढं केला तर दोघांनी मिळून मला अडवलं. प्रूफ राहिलं होतं.

दळणाचं गव्हाचं पोतं मागवलं गेलं. गिटार दोन टेबलांमध्ये आडवी बांधली. जिथे तारा अडकतात त्या घोडीला दोर लावला आणि दोराला पोतं सोडलं. दोघं श्वास रोखून उभे. पोतं लटकलं होतं, गिटार हलली नाही, कुरकुरली नाही. हे चारी बाजूंनी वाकून बघून आले. भाऊजींनी चष्मा काढून पुसला.

"वहिनी, याच्यावरून ट्रक गेला तरी काही होत नाही जी."

"ट्रक कोण चालवून राहिलं याच्यावर, भाऊजी?"

तारा चढल्या. मी मांडीवर घेतली. मांडीला तिचं वजन कळलं. जी पकड मला सगळ्यांत चांगली येत होती ती धरली आणि तारा छेडल्या. शेजारच्या घराचं दार कोणीतरी ठोठावतंय असा आवाज आला. मी पुन्हा छेडल्या. पुन्हा तीच ठकठक, जणू त्या घरात कोणी नव्हतंच.

"नवीन आहे," हे म्हणाले. "बसेल आवाज हळूहळू."

"वर्षभरात तर पक्का," भाऊजी म्हणाले.

मी ती रिक्षात घालून मास्तरांकडे नेली. रिक्षावाल्यानं मला उतरायला हात दिला आणि गिटार उचलून द्यायला गेला तेव्हा दोन्ही हात लावले. मास्तरांनी वाजवून पाहिली, कान लावला, मग सभ्य माणसासारखं म्हणाले, "आंटी, मज़बूत बहुत है." घरी येताना मी रिक्षात विचार केला. छान झाली म्हणायचं, कोपऱ्यात उभी करायची, आलेल्यागेलेल्यांना दाखवायची. संसारात असं पुष्कळ केलंय. पण मग माझी बोटं कोणत्या तारांवर फिरणार होती? मला राग आला, आणि तो राग घेऊनच मी घरात शिरले.

"अहो, हिच्यात आवाज नाही."

आयुष्यभर यांनी लोकांना रिजेक्ट हा शब्द ऐकवला होता आणि त्यानंतर जेवायला बसले होते. त्या दिवशी यांचा चहा गार झाला. मला वाईट वाटलं, तरी शब्द मागे घेतला नाही.

संध्याकाळी यांनीच विचारलं, "मग काय करू म्हणतेस?"

"लाकूड कमी करा. दुकानातली फळी पापड होती म्हणालात न? तसा पापड करा."

"फाटेल ते. तारांची ओढ तुला ठाऊक नाही."

"फाटू द्या."

फाटू द्या, हे या घरात पहिल्यांदाच कोणी बोललं असेल. दुसऱ्या दिवशी यांनी सुरी तापवून गिटारची पाठ सोडवली. आतला प्रकार बघून मी कपाळाला हात लावला. पट्ट्याच पट्ट्या, रेल्वेच्या पुलाखाली उभं राहून वर पाहावं तसं दिसत होतं. भाऊजींनी यायचं बंद केलं. असलं काम बघवत नाही म्हणाले.

मग आम्ही दोघांनी एक रीत बसवली. हे एक पट्टी तासायचे, वरची फळी थोडी खरवडायचे. मी ती उघडी गिटार मानेशी धरून दुसऱ्या हातानं फळीवर टिचकी मारायची. यांना त्या टिचकीतलं काही कळत नव्हतं आणि मला रंध्यातलं. मी म्हणायची, अजून. हे घाम पुसून पुन्हा तासायचे. यांना मी इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मुलीच्या पाठवणीलाही हा माणूस नारळ मोजत होता.

"आता बस," हे म्हणाले. "याच्या खाली मी गेलो नाही कधी."

मी टिचकी मारली. "अजून थोडं."

"मरेल ती."

"आत्ता तरी कुठं जिवंत आहे?"

हे हसले नाहीत. पण तासलं. आणि एका टिचकीला फळी बोलली. लांब, गोल आवाज होता, खोलीभर थोडा वेळ राहणारा. यांनी रंधा खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे का?" मी मान हलवली. मला रडू येत होतं, म्हणून मी कुकर कुठाय ते विचारलं.

पाठ पुन्हा लागली, तारा पुन्हा चढल्या. तारांच्या ओढीनं वरची फळी किंचित फुगली. हे रोज सकाळी तिच्यावर मोजपट्टी ठेवून बघतात आणि चेहरा पाडतात. मास्तर म्हणाले, इतकं फुगतंच. यांना ते पटलेलं नाही.

गिटार वाजायला लागली. मी मात्र अडले. एफ नावाची एक पकड आहे. तिच्यात डाव्या हाताचं पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबावं लागतं. वर्षापूर्वी मास्तरांच्या गिटारीवर मला ती मोडकीतोडकी का होईना येत होती. आता बोट दाबलं की कळ कोपरापर्यंत जायची आणि तारा मुक्याच राहायच्या. एवढं सगळं होईस्तोवर बोटानं वाट पाहिली नव्हती. यांना मी सांगितलं नाही. सांगून काय उपयोग होता? ती पकड जिथं येते ती गाणी मी सोडून द्यायला लागले आणि व्हरांड्यात बसून सोपी तेवढी वाजवू लागले.

यांनी ओळखलं. एका सकाळी गिटार टेबलावर घेतली. तारा सैल केल्या, घोडीवरची हाडाची पट्टी काढली आणि कानशीनं घासायला बसले. ती पट्टी जितकी खाली येते तितक्या तारा खाली येतात, बोटाला कमी दाबावं लागतं. थोडं घासायचे, पट्टी बसवायचे, तारा ताणायचे, गिटार माझ्या मांडीवर द्यायचे. "दाबून बघ." मी दाबायची. यांचं लक्ष तारांकडे नव्हतंच. माझ्या तोंडाकडे बघत होते. तोंड वाकडं झालं की पुन्हा कानस.

शेवटी बोट बसलं. कळ आली, पण सोसण्याजोगी. एफ वाजला. आणि त्याच्यासोबत एक जाड तार दांडीवरच्या धातूच्या आडव्या पडद्याला घासून झणझणली. फार खाली आल्या होत्या तारा. झणझण स्पष्ट होती. मलाही ऐकू आली, म्हणजे यांना नक्कीच. मी बोट उचललं. आता हे पट्टी फेकतील आणि पहिल्यापासून सुरू करतील, असं मी धरून चालले होते.

हे टेबलाशी उभेच होते. कानस कापडात गुंडाळली. मग हळूच म्हणाले, "चालेल."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हा शब्द मी यांच्या तोंडून कशाहीबद्दल ऐकला नव्हता. मी पुन्हा बोट आडवं टाकलं आणि झणझणीसकट गाणं पूर्ण वाजवलं. हे शेवटपर्यंत तिथंच उभे होते.