दुधाच्या पावडरीचा डबा

श्रीमंत देशांनी गरिबांना मदत करावी का, यावर कुणी भाषण ठोकू लागलं की मला आमच्या अड्याळ गावातली ती दुपार आठवते. परदेशी संस्थेची एक बाई घरोघर दुधाची पावडर वाटत होती. आमच्या दारात दोन दुभत्या म्हशी रवंथ करत होत्या. त्यांचाही तिनं कौतुकानं फोटो काढला.

आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. आईनं पावडर पातेल्यात काढली आणि डब्यात घरचा चिन्नोर तांदूळ भरून दिला. बाई दचकली. तिच्यासोबतचा दुभाष्या म्हणाला, "गरिबांकडून काही घेत नाहीत. नियम आहे."

आईनं तांदूळ काढून पावडर पुन्हा डब्यात ओतली. "घ्याले लाज वाटते, तं द्याले कायले आल्या?"

दुभाष्यानं बाईला सांगितलं, "ती आभार मानते आहे."

बाईचे डोळे भरून आले.