नाबोरचा गज

नाबोर व्हायोलिन वाजवायचा आणि मी शेजारी बसून लहान गिटार खाजवायचो. 'खाजवायचो' हा त्याचाच शब्द. तीस वर्षं साथ केली, पण मेल्याच्या तोंडून कधी कौतुक ऐकलं नाही. तरी खोटं कशाला बोलू, तसा हात आमच्या वास्तेका भागात पुन्हा झाला नाही. लग्नात तो वाजवू लागला की म्हाताऱ्यासुद्धा नाचासाठी मांडलेल्या फळीवर चढायच्या. मक्याच्या पहिल्या कणसांपुढचे सूर वेगळे, कार्निव्हलचे वेगळे, आणि मेलेल्या लेकरांपुढचे त्याहून वेगळे. सगळे त्याला पाठ.

लेकरू गेलं की देवदूत होतं, म्हणून आईनं रडायचं नाही. रडली तर त्याचे पंख भिजतात. आमच्याकडे सगळेच हे पाळतात, पण नाबोरइतकं कडक कोणी नाही. आईनं हुंदका दिला की त्याचा गज तारांवरून वर उचलला जायचा. "बाई, पंख भिजतील. पोर उडणार कसं?" ती गप्प होईपर्यंत गज खाली यायचा नाही. माझा पोरगा नेतो गेला तेव्हा माझ्या बायकोवर, ओब्दुलियावर, त्यानं असा दोनदा गज उचलला. शेवटी तिनं शालीचं टोक तोंडात कोंबलं. मी शेजारीच गिटार वाजवत होतो, आणि वाजवतच राहिलो. ओब्दुलियानं नाबोरला पुन्हा कधी कॉफी विचारली नाही. मला विचारायची, पण कप आपटून.

मग नाबोरचीच नात गेली. मिर्ता, चार वर्षांची, डेंग्यूनं. पांढरा झगा, डोक्यावर कागदाचा मुकुट. आसपासच्या गावांत दुसरा व्हायोलिनवाला नाही, मग वाजवणार कोण? तोच. मिर्ताची आई सेले, नाबोरची एकुलती एक मुलगी, पोरीच्या उशाशी बसली होती. डोळे कोरडेठाक. लहानपणी बापाचं बोट धरून ती अशा कितीतरी घरांत गेली होती, तिला कोणी काही सांगायची गरजच नव्हती.

तिसऱ्या चालीत नाबोरचा गज थांबला.

"सेले, रड गं पोरी," तो म्हणाला.

"नको बाबा. पंख भिजतील. वाजवा तुम्ही."

त्यानं वाजवलं. दुसरं काय करणार होता?

त्यानंतर सेले रडलीच नाही. मका दळायची, भाकऱ्या थापायची, कोणी हाक मारली तर ओ द्यायची, पण अंगावरचं मांस दिवसेंदिवस झडत चाललं. रोज दुपारी नाबोर व्हायोलिन घेऊन तिच्या अंगणात जायचा आणि मलाही ओढून न्यायचा. विरहाची गाणी झाली, तुरुंगातल्या माणसाची झाली, आईवेगळ्या पोरांची झाली. "हे ऐकून दगडाला पाझर फुटतो," तो मला वाटेत सांगायचा. सेले पूर्ण ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "छान वाजवलंत बाबा. कॉफी टाकू?"

एकदा परत येताना माझं डोकं सणकलं. म्हटलं, "जन्मभर बायकांची तोंडं बंद केलीस, आता उघडायला निघालास होय रे?"

जिव्हारी लागलं त्याच्या. मग म्हणाला, "हव्या तेवढ्या शिव्या दे. पण उद्या ये."

असे दोन वर्षं गेलो. या फेब्रुवारीत नाबोर गेला.

त्याची शवपेटी सेलेच्या अंगणात ठेवली होती. व्हायोलिन खिळ्याला टांगलेलं, मी एकटाच गिटार घेऊन बसलो. सेले किटली घेऊन माणसांना कॉफी देत फिरत होती, बाप मेलाय असं तिच्याकडे बघून कोणी म्हटलं नसतं. सगळे चोरून तिच्याकडे बघत होते. शेवटी ओब्दुलिया उठली, तिच्या हातातली किटली काढून घेतली आणि तिला पेटीजवळ बसवलं.

"हे बघ, हा सत्तर वर्षांचा म्हातारा. दारू प्यायचा, शिव्या द्यायचा. याला कुठले आलेत पंख? रड बाई. काही भिजत नाही."

सेले पेटीकडे बघत राहिली. मग ती ओरडली. "मिर्ता! माझी मिर्ता!" छाती पिटत तेवढंच म्हणत राहिली, बापाचं नाव एकदाही नाही. ओब्दुलियानं तिला कवेत घेतलं, आणि मग तिच्याही तोंडून, बावीस वर्षांनी, नेतोचं नाव निघालं.

मी वाजवतच होतो. सवय. मग गिटार खाली ठेवली आणि त्या दोघींजवळ जाऊन बसलो.